एका झाडामागे दहा झाडे: हा हिशेब कुठे चुकतो

‘आधी देश श्रीमंत होऊ द्या, पर्यावरण मागाहून आपोआप सुधारते, तोडलेल्या प्रत्येक झाडामागे सरकार दहा झाडे लावते, देशातील जंगल वाढतच आहे, अडथळा आहे तो फक्त पर्यावरणाच्या नियमांचा’, अशा चार मुद्द्यांचा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने तो घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा गप्प बसवेना. ज्याच्या घरापासून ठाणे खाडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याने तरी तो न तपासता पुढे पाठवायला नको होता.

सर्वांत घातक मुद्दा दहा झाडांचा, म्हणून आधी तोच घेतो. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी उभे राहून पाहावे. तिवराची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांची, श्वसनमुळे चिखलातून बोटभर वर आलेली असतात, त्यांच्यामधून खेकडे आणि निवट्या फिरत असतात आणि भरतीबरोबर आलेला गाळ त्याच मुळांत अडकून राहतो. मासळीची पिल्ले येथे वाढतात, म्हणूनच काठावरच्या कोळीवाड्यांच्या जाळ्यांत काही लागते. ही जागा भरावाखाली गेल्यावर, जेथे खारे पाणी कधी पोचतच नाही अशा माळावर दहाच काय, शंभर रोपे लावली तरी त्यांतले एकही यांपैकी कोणते काम करणार आहे? पर्यायी वनीकरण, म्हणजे गेलेल्या जंगलाच्या बदल्यात करायची लागवड, शक्यतो त्याच जिल्ह्यात करायचे, पण तेथे जमीन मिळाली नाही तर राज्यात अन्यत्र केले तरी चालते, असा नियम आहे. म्हणजे नुकसान ठाण्याचे आणि भरपाई भलतीकडे.

बरे, ती भरपाई तरी होते का? ‘कॅग’ने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१३ मध्ये याच विषयावर दिलेला अहवाल संदेश लिहिणाऱ्याने जरूर वाचावा. २००६ ते २०१२ या काळात वनेतर कामांसाठी दिलेल्या वनजमिनीच्या बदल्यात सुमारे १,०३,३८२ हेक्टर वनेतर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर, आणि मिळालेल्या जमिनीपैकी प्रत्यक्ष वनीकरण झाले जेमतेम ७,२८१ हेक्टरांवर. मिळायला हव्या होत्या त्या जमिनीच्या हे फक्त सात टक्के! त्यानंतर २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि निधीची व्यवस्था सुधारली हे खरे. पण निधी कितीही असला तरी त्यातून भरती-ओहोटी विकत घेता येत नाही.

‘आधी श्रीमंती’ या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. श्रीमंत देशांच्या शहरांतील हवा पुढे स्वच्छ झाली. मात्र ती आपोआप झाली नाही. १९५२ च्या विषारी धुक्यात लंडनमध्ये हजारो माणसे दगावली आणि त्यानंतर १९५६ मध्ये ब्रिटनने कायदा करून धुरावर निर्बंध घातले. शिवाय धूर कमी करता येतो, पण बुजवलेली खाडी श्रीमंती आल्यावर परत मिळत नाही. सकल उत्पादनाच्या आकड्यात भरावाचे बिल जमेस धरले जाते, गेलेल्या कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, वजाबाकी मात्र होत नाही. त्यामुळे खाडी बुजवूनही कागदावर आपण श्रीमंतच होतो.

जंगल वाढल्याच्या दाव्याबद्दल एवढेच सांगतो की, एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर किमान दहा टक्के वृक्षछत्र असले की सरकारी पाहणीत ती ‘वनाच्छादित’ ठरते. मालकी कोणाची, झाडे कोणती, हे त्यात पाहिले जात नाही. फळबागा आणि निलगिरीची लागवडही त्यात येते.

राहिला नियमांच्या अडथळ्याचा मुद्दा. बुलेट ट्रेनसाठी मूळ प्रस्तावात ५३ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे तोडायची होती. आराखडा बदलल्यावर ती संख्या सुमारे २२ हजारांवर आली आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्यांना परवानगी दिली. प्रकल्प थांबला नाही आणि तीस हजारांवर झाडे वाचली. भावाने ज्यांना हा संदेश पाठवला, त्या सर्वांना हे दोन आकडेही पाठवावेत, अशी माझी त्याला विनंती आहे.