जुरर नंबर सात

काल कोर्टाने मला घरी पाठवलं. आरोपी नव्हतो हो, जुरी ड्युटीला गेलेलो, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत (त्यातला प्रत्येक जण 'जुरर') बसायला. सिटिझनशिप घेतली की कॅलिफोर्नियात हे समन्स कधी ना कधी येतंच, ग्रीन कार्डवाले सुटतात, हे शपथ घेताना कुणी बोललं नव्हतं.

केस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या, चोरीची. गाडीखाली घुसायचं, करवतीने कापायचं, पसार व्हायचं. आत प्लॅटिनम-पॅलेडियम असतं ना, आणि टोयोटाच्या प्रियस गाडीवर तर या लोकांचा फारच जीव. माझ्या शेजारी सहा नंबरला एक रिटायर्ड गोरे काका. सकाळपासून बाहेरच्या हॉलमध्ये डब्यातल्या सेलरीच्या काड्या कचाकचा चावत मला ट्रेनिंग देत होते, "इंटरेस्टिंग काही बोलू नकोस, इंटरेस्टिंग माणसांना घरी पाठवतात." जुरर निवडताना आधी प्रश्न विचारतात, तसं आत गेल्यावर जजबाईंनी विचारलं, कुणाकडे अशी चोरी झालीये का? काकांचा हात वर! त्यांच्या प्रियसचा कन्व्हर्टर गेला, नवा बसवला, तोही गेला.

"मग तुम्ही निष्पक्ष राहू शकाल?"

"हो तर. पहिल्या चोराला मी माफ केलंय."

"आणि दुसऱ्याला?"

"तो अजून सापडला नाही," म्हणत काकांनी आरोपीला चष्म्यावरून असं काही न्याहाळलं की त्याच्या वकिलाचं पेनच खाली पडलं.

मग मी. पोलिसाची साक्ष इतरांपेक्षा जास्त खरी मानाल का? आता मी पुण्यात स्कूटर चालवत मोठा झालेला माणूस, सिग्नलजवळच्या झाडामागून प्रकट होणारे मामा डोळ्यासमोर आले, म्हटलं, "डिपेंड्स." झालं. सरकारी वकीलबाई गोड हसल्या, थँक्यू म्हणाल्या, आणि मी बाद. कांदेपोहे खाऊन "कळवतो" म्हणणारे निदान जिना उतरेपर्यंत तरी थांबतात.

वर जुररला असं काढताना वकिलांना कारण सांगायची सक्ती नाही, समोरच्याने किंवा कोर्टाने आक्षेप घेतला तरच. खरं तर 2022 पासून इथल्या क्रिमिनल केसमध्ये 'याचा पोलिसांवर विश्वास नाही' एवढ्यावरून जुररला काढणं सहजी चालत नाही, तसा कायदाच आहे. पण आक्षेप घ्यायचा आरोपीच्या वकिलाने, आणि तो काकांकडे बघत बसलेला! अख्खा दिवस रजा टाकून गेलो होतो मी.

निघताना काकांनी मला अंगठा दाखवला. पहिल्या दिवसाचं मानधन शून्य, दुसऱ्या दिवसापासून रोज 15 डॉलर, तेही बहुतेक काकांनाच मिळणार.