नऊनंतर वीस?

पम्याची भरती परीक्षा तोंडावर आलीय, त्यामुळे नाशिकरोडच्या आमच्या कट्ट्यावर हल्ली क्रिकेट मागे पडलंय आणि संख्यामालिका सुरू झाल्यात. परवा संद्याने टाकली: १, ३, ५, ७, ९, पुढे काय?

"अकरा. शेंबडं पोरगंही सांगेल."

"वीस."

"सकाळी सकाळी काय घेऊन आलास रे?"

संद्या शांत. "कुठलीही संख्या घे, तिच्यात तिचेच अंक मिळव. १० अधिक १ अधिक ०, अकरा. म्हणजे अकराचा बाप दहा. आता वीसचा बाप शोध."

पम्याने पेपरच्या कडेला मांडलं. १३ चे १७, १४ चे १९, १५ चे थेट २१. मागे ९ पर्यंत गेला, पुढे १९ पर्यंत आला. वीस कुठेच नाही.

"या बिनबापाच्या संख्या. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... स्वयंभू संख्या. देवळाली संख्याही म्हणतात."

देवळाली म्हटल्यावर नाना सरसावले. गाव आमच्या शेजारचंच ना! या संख्या शोधणारे द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ तिथे शाळामास्तर होते. हे सगळं शिकवता शिकवता केलेलं.

पम्या मात्र हटेना. "यात काय मोठंसं? वीसपासून अकरा-अकरा वाढवायचे. ८६, ९७, १०८, मग ११९."

"११०."

"का?"

"१०९ मध्ये १, ० आणि ९ मिळव." झाले ११९. म्हणजे तिला बाप आहे. ११० ला नाही.

इथे पम्या खरा पेटला, आणि मुद्दा बिनतोड काढला. "असं असेल तर काहीही उत्तर बरोबर! १, ३, ५, ७, ९ नंतर मी शंभर म्हणतो. सूत्र बनवून देऊ?" नानांनी मान डोलावली. विषम संख्यांच्या सूत्रात एक असं पद जोडायचं, जे पहिल्या पाच जागी शून्य होतं. सहाव्या जागी हवा तो आकडा आणता येतो.

माझ्या मते फरक इथेच आहे. पम्याचं सूत्र शंभर ठरवल्यावर शिवलेलं. कापरेकरांचा नियम एका ओळीचा, त्याला वीसची खबरही नाही. वीस आपोआप बाहेर पडते. पण संद्यानेही लबाडी केलीच. पाच पदं देऊन कोण स्वयंभू संख्या ओळखणार? निदान ११० पर्यंत द्यायला हवी होती.

"पेपरात आलं तर मी अकराच लिहिणार," पम्या म्हणाला. लिहावंच. तिथे तेच उत्तर.

"बरं, ही घे. ९, ४५, ५५, ९९?"

पम्याने फरक काढले: ३६, १०, ४४. काही हाती लागेना. नाना पुटपुटले, "वर्ग कर." ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून परत ४५. ५५ चा ३०२५, तेच. ९९ चा ९८०१, तिथे ९८ आणि ०१. कापरेकर संख्या.

"पुढची २९७," संद्या म्हणाला.

पम्याने कागदावर गुणाकार केला. ८८२०९. ८८ आणि २०९, बरोबर २९७. मान वर न करताच त्याने विचारलं, "मधे एकही नाही? दोनशेपर्यंत एकही?"

"तपास की."

"कॅल्क्युलेटर दे."