‘अजून चार आहेत ना!’

दुपारी दवाखान्यातून परत आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. हे लिहून टाकल्याशिवाय आज झोप लागायची नाही. पोस्ट लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या कुत्रीचा, ठमीचा कान दुखतोय. तीन दिवस झाले, सारखं डोकं झटकतेय, मागच्या पायाने खाजवून खाजवून कानाची आतली बाजू लालभडक झालीय. तिला घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने नेहमीप्रमाणे मोबाईल नंबर विचारला. स्क्रीनवर माझं नाव उघडलं आणि त्याखाली पाचही कुत्र्यांच्या नोंदी तारखेनुसार एकाच रांगेत. कुणाची लस, कुणाचं जंताचं औषध, कुणाचे टाके, सगळं एकात एक. ती स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "सखीला आणलंय ना?"

सखीला जाऊन सात महिने झाले.

मी सांगितलं. तिने लगेच "सॉरी मॅडम" म्हटलं, तिचा चेहराही उतरला. तिच्यावर माझा राग नाही. पण शेजारी पिल्लू मांडीवर घेऊन एक काका बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. समजूत घालावी तसं म्हणाले, "जाऊ द्या ताई, अजून चार आहेत ना!"

मी काहीच बोलले नाही. ठमीला उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

अजून चार आहेत ना. हे वाक्य सात महिन्यांत किती जणांनी ऐकवलंय! नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या लोकांनी. तुम्ही माझी माणसं आहात, तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. बंड्या ढग गडगडला की माझ्या पायात येऊन बसतो. ठमी कुणाच्याही पायात बसत नाही, ती लांबून बघते. भुऱ्याला दार वाजलेलं सहन होत नाही. काळूला एका डोळ्याने दिसत नाही, म्हणून तिच्या डाव्या बाजूने हाक मारून मगच हात लावायचा. यातलं कोण कुणाच्या जागी बसणार? सखीची जागा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. तिथे आजही कुणी बसत नाही. चौघेही उंबरा ओलांडून जातात.

आता मूळ गोष्ट सांगते. काहींना माहीत आहे, पण पूर्ण कधीच लिहिली नव्हती.

सखी आमच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. आधीच्या घराने सोडलेली. तिचं नसबंदीचं, म्हणजे गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालेलं नव्हतं. "वय झालंय, तब्येत सुधारू दे, मग करू," असं ठरलं आणि ते राहून गेलं. त्यानंतर ती एकदा माजावर आली, गेली. पाचेक आठवड्यांनी ती गप्प गप्प झाली. दोनदा उलटी केली, ताटलीकडे पाठ फिरवून बसली. मी दवाखान्यात नेलं. गर्दी होती. डॉक्टरांनी स्क्रीन बघितली, पोट वरवर दाबलं, उलटीचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस हलकं खायला द्या म्हणाले. मी घरी आणलं.

दुसऱ्या रात्री तिला उठता येईना. हिरड्या बोटाने दाबल्या तर पांढऱ्या पडलेल्या जागी रंग परत यायला वेळ लागत होता. निरोगी कुत्र्यात दोन सेकंदांच्या आत येतो. मी मोजत होते आणि हात थरथरत होता. रात्री उघडा असलेल्या दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "माजावर कधी आली होती?" सोनोग्राफीत गर्भपिशवी पुवाने भरलेली दिसली. पायोमेट्रा. पिशवीचं तोंड बंद असलेला, म्हणून बाहेर थेंबही आला नव्हता. रक्तात क्रिएटिनिन चढलेलं, म्हणजे मूत्रपिंडांवर परिणाम झालेला. त्याच रात्री पिशवी काढली. तिसऱ्या दिवशी पहाटे सखी गेली.

चार-पाच दिवसांनी मी पहिल्या दवाखान्याचा कागद नीट वाचला. त्यावर लिहिलं होतं: मादी, ऑपरेशन झालेलं, उलट्या, पोट बिघडलं.

ऑपरेशन झालं होतं ते ठमीचं! दोन वर्षांपूर्वी, त्याच टेबलावर. एकाच खात्यात दोघींच्या नोंदी, आणि घाईत ठमीची ओळ सखीच्या नावावर वाचली गेली. ज्या मादीची पिशवीच काढलीय तिच्या पिशवीचा विचार कोण करणार? डॉक्टरांनी केला नाही.

हो, मीही बोलले नाही. हिचं ऑपरेशन झालेलं नाही, हे माझ्या तोंडातून एकदाही निघालं नाही. आणि पाणी. पाण्याचं मला आजही झोपू देत नाही. आमच्याकडे तेव्हा पाचांना मिळून एकच टब होता. त्या आठवड्यात मी तो रोजच्यापेक्षा जास्त वेळा भरला होता आणि उकाडा आहे असं स्वतःशी म्हणून सोडून दिलं होतं. त्या पुवातल्या जंतूंचं विष मूत्रपिंडावर जातं, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी जास्त होते, म्हणून जनावर पाणी पीत सुटतं. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर पाणी गेलं तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं. सखी 18 किलोची. म्हणजे 1.8 लिटरच्या पुढे. घरात एकच कुत्रा असता तर पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. पाच असले की आजार टबात विरघळून जातो. उलटी सापडते, पण ती कुणाची ते कळत नाही. जुलाब अंगणात दिसतात, पण कुणाचे? म्हणूनच तर जास्त कुत्री असणाऱ्याला दवाखान्याची नोंद जास्त लागते.

आता कुणी विचारेल, मग अजून त्याच दवाखान्यात का जातेस?

कारण बंड्या. तीन महिन्यांचा होता, कुठूनतरी उचलून आणलेला, एकही लस झालेली नव्हती. पार्वो झाला, पिल्लांच्या जिवावर उठणारा आतड्यांचा विषाणूचा आजार. रक्ताचे जुलाब, त्या वासाने घर भरलं होतं. ह्याच डॉक्टरांनी पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सलाईन लावलं. एका रात्री त्यांचा मदतनीस मुलगा फरशीवर मांडी घालून बसला होता, बंड्याचा सुई लावलेला पाय स्वतःच्या तळहातावर धरून, कारण पाय हलला की सुई निघायची. दोन तास तो तसाच बसला. मला म्हणाला, "तुम्ही घरी जा ताई, बाकीच्यांना बघा, मी हाय इथं." बाकीच्यांना कसं वेगळं ठेवायचं, फरशी ब्लीचच्या पाण्याने कशी पुसायची, कपडे कुठे बदलायचे, हा विषाणू अंगणाच्या मातीत कित्येक महिने टिकतो, हे सगळं डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. बाकीच्यांपैकी एकालाही लागण झाली नाही.

आणि सखीनंतर मी तो कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचला. खुर्चीत बसले. म्हणाले, "माझं चुकलं." फाटे फोडले नाहीत, माझ्यावर ढकललं नाही. अशी माणसं किती भेटतात?

म्हणून तर आज जास्त लागलं. चुकलं म्हणालात ना? मग सात महिन्यांनी तेच खातं तसंच कसं? मी काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, सिस्टिममध्ये एका नंबरवर एकच खातं निघतं." मग सिस्टिम बदला! नाही बदलत तर पुठ्ठ्याच्या चार फायली करा, मी आणून देते. ठमी 9 किलोची आणि बंड्या 34 किलोचा. औषध वजनावर ठरतं. मागच्याच महिन्यात बंड्याच्या वजनाची गोचिडाची गोळी ठमीच्या नावाने पाकिटात आली होती. मी पाकीट वाचलं म्हणून कळलं. नसतं वाचलं तर?

त्यांच्याकडे गर्दी असते, मनुष्यबळ कमी आहे, मान्य. पण एका ओळीत ‘ऑपरेशन झालेलं नाही’ असं लिहायला किती वेळ लागतो?

आता घरात चार वेगळी भांडी आहेत. सकाळी मापाने भरते, रात्री उरलेलं मोजते, प्रत्येकाच्या वहीत लिहिते. काळूचं कालपासून थोडं कमी झालंय, उद्या बघेन. दवाखान्यात गेल्यावर आता मी आत शिरतानाच नाव, वय, वजन, ऑपरेशन झालंय की नाही, मोठ्याने सांगते. ज्यांच्याकडे दोन-तीन कुत्री आहेत त्यांनी कृपा करून हे करा. डॉक्टर कितीही ओळखीचे असोत, सांगा.

त्या काकांबद्दल नंतर वाईट वाटलं. मी पायरीवरून आत आले तेव्हा ते पिल्लाच्या कानात काहीतरी पुटपुटत होते, आणि ते पिल्लू त्यांच्या शर्टाचं बटण चावत होतं. पहिलंच असावं त्यांचं. त्यांना वाईट बोलायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी लागलं.

ठमीच्या कानात बुरशीचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी काडीवर मळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, मलाही दाखवला. सात दिवस थेंब घालायचे आहेत. शनिवारी पुन्हा बोलावलंय. चार पुठ्ठ्याच्या फायली मी आजच आणून ठेवल्यात, वर नावं घालून. त्या घेऊन जाणार आहे, आणि त्या कपाटात लागेपर्यंत काउंटरपासून हलणार नाही.