‘हिंदूंना काय फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आठवड्यात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, शाळेची बॅच, सोसायटी, भावकी, आणि चौथा ग्रुप तर एका लग्नाच्या केटरिंगसाठी काढलेला, जो डिलीट करायचं सगळे विसरलेत. मेसेज असा की समान नागरी कायदा आला की मुसलमानांची चार लग्नं बंद आणि लोकसंख्या आटोक्यात, बाबासाहेबांना हेच पाहिजे होतं, गोव्यात दीडशे वर्षं सगळ्यांना एकच कायदा आहे, आणि हिंदूंना काहीच फरक पडणार नाही, आपण आधीच एका कायद्यात आहोत. खाली नेहमीचं, दहा जणांना पाठवा.

मी समान कायद्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर लगेच माझी जात-पार्टी काढायला बसतील. पण मेसेज चुकीचा आहे.

चार लग्नं. शरियतमध्ये मुभा आहे हे खरं, आणि ती जायला पाहिजे असं माझंही मत आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको आहे असं सांगणाऱ्या मुसलमान बायका १.९ टक्के निघाल्या आणि हिंदू १.३ टक्के, जिथं १९५५ पासून बंदी आहे. आणि लोकसंख्येचं गणित तर मला कळतच नाही, एकानं चार केल्या तर तिघं बिनलग्नाचे राहतील, पोरं जन्माला घालणाऱ्या बाया काय वाढतात का ओ? १९९२-९३ ला मुसलमान बाईमागं सरासरी ४.४ मुलं होती, या पाहणीत २.३६. समान कायद्याशिवायच झालं हे.

बाबासाहेब. हवा होता, बरोबर. पण २३ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी असंही सुचवलं की पुढची संसद सुरुवातीला जे स्वतःहून तयार असतील त्यांनाच तो लागू करू शकते. तेवढं मेसेजमध्ये कापलंय. आणि १९५१ ला त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तो मुख्यतः हिंदू कोड बिल, म्हणजे हिंदूंच्या लग्न-वारशाच्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक, रखडवलं म्हणून, त्याच्या आड कोण आलं होतं ते पण फॉरवर्ड करा की.

गोवा. तिथला मूळ कायदा १८६७ चा पोर्तुगीज. त्यासोबत १८८० चा हिंदूंच्या रूढींचा वेगळा हुकूम आहे, बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येतं, ही सूट फक्त हिंदूंना. आता कुणी वापरत नाही ते सोडा, पण ‘सगळ्यांना एकच’ म्हणता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, हिंदूंना फरक पडणार नाही. मेसेजमधलं सगळ्यात कच्चं वाक्य हेच.

सोलापूरच्या पूर्व भागात चला. पद्मशाली घरांत मामानं सख्ख्या भाचीशी लग्न करणं ही जुनी रीत आहे, आमच्या मागच्या घरातल्या काकूंचे मालक त्यांचे मामाच. आपल्या मराठी लोकांत मामाची पोरगी करतात. हिंदू विवाह कायद्यात ही दोन्ही नाती निषिद्ध, फक्त ‘रूढी असेल तर चालेल’ या सवलतीवर ही लग्नं टिकतात. रूढी काढली तर लग्नं अडचणीत, ठेवली तर मग एकच कायदा कसला?

मेसेज टाकणाऱ्यांपैकी एकाचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, त्यांच्याकडं दोन पॅन कार्डं, एक स्वतःचं, दुसरं एचयूएफचं, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाचं. इन्कम टॅक्सला ती वेगळी व्यक्ती धरतात. मुसलमान किंवा ख्रिश्चन व्यापाऱ्याला हे मिळत नाही. सगळ्यांना एकच कायदा म्हटलं तर ही सोय पण जाऊ शकते, केरळनं तर १९७५ मध्ये कायदा करून हिंदू एकत्र कुटुंबाची पद्धतच काढून टाकली. शेठना हे सांगितलं तर म्हणाले, ते वेगळं.

वारसाचं तर विचारूच नका. मुसलमान मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हा अन्याय आहेच. पण मुसलमान बाप मृत्युपत्रानं साधारण एक तृतीयांशच बाहेर देऊ शकतो, आणि हिंदू बाप स्वतः कमावलेल्यातून पोरीला पूर्ण काढू शकतो. एक करायचं तर कुणाचं धरणार? आमच्यात तर मृत्युपत्राची पण गरज पडली नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ लाच आला, देशात २००५ ला, आणि त्यानंतर माझ्या आत्यानं शेतीचं हक्कसोडपत्र करून दिलं. बाकड्यावर बसून अंगठा दिला, वडिलांनी साडी घेतली, परत येताना सगळ्यांनी भजी खाल्ली. मीच गाडी चालवत होतो.

आणि आमच्या ओळखीच्या एक मावशी, विधवा, मूल नाही, आयुष्यभर विड्या वळून स्वतःच्या नावावर घर केलं, म्हातारी आई त्यांच्याजवळ राहते. उद्या मावशी मृत्युपत्र न करता गेल्या तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणं घर आधी नवऱ्याच्या वारसांना जाणार, आईचा नंबर त्यानंतर. १९५६ पासून हेच चालूय. हा फॉरवर्ड मावशींच्या फोनवर पण आलाय, दिराच्या पोरानं पाठवलाय.