संख्यारेषेवर बरड नसते

घरात शिकलेला माणूस एकच असला की गावभरच्या पोरांचा अभ्यास त्याच्याच बोकांडी बसतो. सहावीतली पुतणी वही घेऊन आली: एक छेद तीन, दोन छेद तीन आणि पाच छेद तीन संख्यारेषेवर दाखवा. काम चहा होईपर्यंतचं. पण छपरीत आबाजी तूर निवडत बसले होते.

अपूर्णांकांवर आबाजींची मालकी आहे. शाळा चौथीत सुटली, पण पावकी, निमकी, दिडकी, औटकी सगळं तोंडपाठ. सात औट, म्हणजे सात साडेतीन, किती विचारा, सुपातला हात न थांबता 'साडेचोवीस' येतं.

मी शून्य ते एक बारा सेंटीमीटर धरले. दहा धरले की तिसरा भाग पट्टीवर सापडत नाही, पोरगं रडकुंडीला येतं. बारा धरले की तिसरा भाग चारवर, चौथा तीनवर, सहावा दोनवर. फक्त दोनपर्यंतची रेघ पानात मावेना, म्हणून खडू घेऊन फरशीवर आलो आणि सेंटीमीटरऐवजी वीत धरली. रेघेला त्याचं काहीच वाटत नाही.

तीन भाग करायचे म्हणून पुतणीने मधे तीन खुणा मारल्या. भाग झाले चार. खुणा नाही, भाग मोजायचे, हे तिला पटेपर्यंत चहा निवला. मग दोन खुणा बरोबर लागल्या. तेवढ्यात सूप बाजूला ठेवून आबाजी उठले.

"हा एक छेद तीन कायचा?"

"कशाचाच नाही आबाजी. नुसता."

"नुसता कसा असन? पावशेर तेल असते, पाव एकर वावर असते. नुसता पाव बेकरीत भेटते!"

अडचण इथेच आहे. जन्मभर अपूर्णांक कशाचा तरी हिस्सा म्हणून हाताळला, आता त्याला दोन-तीनसारखी स्वतःची जागा द्यायची म्हणजे बिनावावराचा सातबारा.

"अन् तिन्ही हिस्से सारखे काऊन केले?" आबाजी रेघेवर काठी टेकवत म्हणाले. "नाल्याकडचं काळं रान अन् तिकडची बरड, दोन्हीचा भाव एकच? बरडवाल्याले जास्त पाहिजेन."

संख्यारेषेवर बरड नसते, इथून तिथवर एकच कस, हे मी तीनदा सांगितलं. त्यांना ती सरळसरळ बेइमानी वाटली.

पाच छेद तीन तर एकच्या पुढे गेला. एकात तीन तृतीयांश संपले, वर दोन उरले.

"म्हणजे याने दुसऱ्याचा धुरा-बांध कोरला. मोजणी आणा!"

पुतणीला आता जोर आला होता. "काका, सातबारा कुठी येते?" सात आणि बारा हे गाव नमुन्यांचे नंबर, त्यांचा भागाकार करायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण वितीने रेघ आखलेलीच होती. सहाव्या वितीवर अर्धा, सातव्या वितीवर सात छेद बारा. अर्ध्याला लागूनच.

"या दोघाइच्या मधात कोणी नाही न?" आबाजींनी खात्री करून घेतली.

"आहे की. तेरा छेद चोवीस."

"अन् त्याच्या मधात?"

"पंचवीस छेद अठ्ठेचाळीस. कुठलेही दोन घ्या, मधे आणखी निघतोच."

आबाजी मटकन बाजेवर बसले. "बाप्पा! एवढे वारस? अन् सह्या कोण आणन?"