पांदन कोणी खाल्ली?

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप एरवी गुड मॉर्निंगच्या गुलाबांवर चालतो. पेटतो तो दोनच वेळा. एकदा निवडणुकीत आणि दुसऱ्यांदा कोणी चिखलदऱ्याच्या स्कायवॉकची बातमी टाकली की. गोरघाट पॉइंटपासून हरिकेन पॉइंटपर्यंत दरीवर काचेचा ४०७ मीटरचा पूल, सिडकोनं हाती घेतलेला, परवानग्यांच्या फेऱ्यात वर्षानुवर्षं रेंगाळलेला. अर्धा ग्रुप म्हणतो, पूल झाला की मेळघाटाचं नशीब उघडलं. उरलेला अर्धा म्हणतो, आधीच शनिवार-रविवारी घाटात गाड्या अडकतात, आता काच कायले पाह्यजे? या वेळी मीही तोंड घातलं. लिहिलं, पूल होईल तेव्हा होईल, पण चालायला-पळायला साध्या वाटा तरी करा, इथं आहेत तशा. पाच मिनिटांत उत्तर आलं: "जर्मनीत बसून सांगनं सोपं हाय बाप्पा. तिकडे वाघ हाय का?"

नाही, वाघ नाही. मी पळतो त्या रानातलं सगळ्यात भीतीदायक जनावर म्हणजे गोचीड. ती चावली तर मेंदूला सूज आणणारा आजार होऊ शकतो, म्हणून लस घ्यावी लागते. तेव्हा मित्राचा मुद्दा निम्मा बरोबर आहे, तो मी तिथंच कबूल केला. उरलेला निम्मा ग्रुपवर मावला नाही, म्हणून हे.

मी राहतो इंगोलश्टाटला. गाव गाड्यांच्या कारखान्याचं, सपाट. पण रविवारी सकाळी रेल्वेत बसलं की अर्ध्या तासात आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यात पोचतो. १९६९ साली हे खोरं आणि भोवतालचे डोंगर मिळून 'नाटूरपार्क', म्हणजे निसर्गउद्यान, जाहीर झालं. पसारा सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर, आपल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पापेक्षा थोडासा जास्तच. मात्र उद्यान म्हटल्यावर फाटक, तिकीट आणि जिप्सी डोळ्यांसमोर आणू नका. याच्या आत गावं आहेत, मक्याची शेतं आहेत, दगडाच्या खाणी आहेत. सोल्नहोफेनच्या याच खाणींतून १८६१ मध्ये आर्किऑप्टेरिक्स या पिसवाल्या प्राण्याचा सांगाडा निघाला, आणि शिळाछपाईचा गुळगुळीत चुनखडकही इथूनच जगभर गेला. आपल्याकडच्या जुन्या शिळाछाप पोथ्या पाहिल्या की आता मला उगीच हे खोरं आठवतं.

माझी आवडती वाट डोल्नश्टाइनपासून आइशश्टेटपर्यंत नदीच्या काठाकाठानं जाते. नदी इतकी संथ की पाणी कुठल्या बाजूला वाहतंय हे कळायला पान टाकून बघावं लागतं. पाय ताजे असतील तर काठ सोडून वरच्या वाटेनं जावं. शंभरेक मीटरचा चढ छातीवर येतो, मग एकदम उघडं माळरान, मधे जुनिपरची टोकदार झुडपं आणि कडेला पांढरे सुळके. सोल्नहोफेनच्या बाजूला असे सुळके ओळीनं उभे आहेत, त्यांना 'बारा शिष्य' म्हणतात. पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले ते खडक. त्यांच्याखालून पळताना दम लागला तर निदान कारण तरी भारदस्त असतं. गुन्झेनहाउझेनपासून केलहाइमपर्यंत अशी सलग दोनशे किलोमीटरची पायवाट आहे आणि तिला जोडलेल्या छोट्या फेऱ्याही आहेत. दर फाट्यावर झाडाला तळहाताएवढी पाटी असते. चुकायचं ठरवलं तरी फार चुकता येत नाही. मी एकदा धुक्यात चुकलो होतो, पण तो माझाच शहाणपणा, पाटी सोडून मोबाईलवर विश्वास ठेवल्याचा.

त्या माळावर मला एकदा मेंढ्यांनी अडवलं. तीनशेक तरी असतील. दव पडलेलं, मेंढ्यांच्या पाठीवरून वाफा निघत होत्या, दोन कुत्री कळपाच्या कडेनं नांगराच्या तासासारखी सरळ रेघेत जा-ये करत होती. धनगर काठीवर रेलून उभा. मी घड्याळ बंद केलं, दुसरा इलाजच नव्हता. तो म्हणाला, घाई असेल तर खालच्या वाटेनं जा, ही वाट माझ्या मेंढ्यांनी केलेली आहे. ते अक्षरशः खरं आहे. हे माळ मेंढ्या चरतात म्हणून उघडे राहिलेत. चराई थांबली तर काही वर्षांत झुडपं वाढतील, मग झाडं येतील आणि तिथली फुलं-फुलपाखरं जातील. म्हणून इथं निसर्ग राखायचा तर धनगराला आधी राखतात. आपल्याकडे धनगर-गवळ्याचं आणि वनरक्षकाचं नातं कसं असतं, ते मेळघाटाच्या पायथ्याशी वाढलेल्याला मी काय सांगू!

वाटांमागे कायदाही आहे. बव्हेरियाच्या १९४६ च्या राज्यघटनेत कलम १४१ म्हणतं की निसर्गाचा आनंद घेण्याची, रानात आणि डोंगरकुरणांत फिरण्याची, आणि रानफळं तिथल्या रिवाजाइतकी तोडण्याची प्रत्येकाला मुभा आहे. महायुद्धानं शहरांचा चुराडा झालेला, लोक उपाशी, आणि त्या वर्षी घटनेत रानफळं लिहिली. अर्थात उभ्या पिकातून पळत सुटा असा याचा अर्थ नाही, हंगामात शेतातून फक्त वाटेनंच जायचं. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोह, चारोळी, तेंदूपानावरचा हक्क त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांना दिला, आणि त्यांचं पोटच त्यावर असल्यानं तो इथल्या हौशी मुभेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे. परतवाड्याजवळच्या पायविहीर गावानं सामूहिक वनहक्क मिळवून उघडं पडलेलं रान पुन्हा उभं केलं, तिथली सीताफळं बाजारात गेली. म्हणजे गावाच्या हातात रान दिलं की गाव ते खाऊन टाकतं, हे आमच्या ग्रुपवरचं लाडकं वाक्य आमच्याच तालुक्यात खोटं पडलं आहे.

वाघाचा मुद्दा मात्र उरतोच, आणि अस्वलाचा त्याहून जास्त. मेळघाट १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. कोअरमधली, म्हणजे प्रकल्पाच्या गाभ्यातली, कोरकू आदिवासींची गावं उठवून बाहेर वसवली गेली. ज्यांची घरं तिथून उठली, त्यांच्या जागेवर आपण रंगीत बूट घालून पळायचं, हे मला पटणार नाही. कोलकासला सिपना नदीचं ते वळण जिप्सीतूनच बघावं, नाहीतर बघूच नये.

पण कोअर आणि डांबरी रस्ता यांच्यामधे केवढी जमीन पडलीय! आणि पळणारे आज कुठे आहेत? डांबरावर. गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करत होता. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, पुढे गोळाफेक. पहाटे पावणेपाचला उठवून मला घेऊन गेला. रस्त्याच्या कडेला दहा-बारा पोट्टे, कोणाच्या डोक्याला मफलर, कोणी अनवाणी, एकाच्या हातात मोबाईलचा टॉर्च. समोरून टिप्पर आला की टॉर्चवाला ओरडायचा आणि सगळे कडेच्या मुरमात उतरायचे. तिसऱ्या गाडीला मी उतरलो तो नालीतच. गुडघा फुटला. पुतण्या हात देत म्हणाला, "काका, आमी रोजच असे पयतो. वाघ तं अजून नाई भेटला, टिप्पर रोज भेटते." पोरी दिसल्या नाहीत म्हणून विचारलं. त्या उजाडल्यावर शाळेच्या मैदानात गोल-गोल फिरतात. अंधारात रस्त्यावर कोण पाठवेल? इकडे माळावर सकाळी सहाला एकटी बाई कानात गाणी घालून पळत येते आणि 'मॉर्गन' म्हणून पुढे जाते. मला आल्टम्यूलचा हेवा वाटतो तो तिथं. सुळके काय, गाविलगडाखाली त्याहून मोठे आहेत.

आता पळायला जागा कुठली, तर पांदन, म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट. आमच्या गावाच्या नकाशात गावठाणापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत एक पांदन तुटक रेघांनी स्पष्ट दाखवलेली आहे. पुढे ती नाल्याच्या काठानं जाऊन दुसऱ्या शिवारात निघते. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी निघायच्या, असं आजी सांगायची. गुडघ्याला पट्टी बांधून मी आणि पुतण्या ती शोधायला गेलो. सुरुवातीला वाट होती, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी. मग ती पायवाट झाली. मग एका कपाशीच्या शेतात पार नाहीशी झाली, आणि काळ्या मातीचे गोळे बुटांना लागून एकेक पाय किलोभर जड झाला. पांदन मोकळी करायला २०२१ मध्ये सरकारी योजना आली, मातोश्रींच्या नावाची. मोजणी होते, मुरूम पडतो, पण आधी जमीन सोडावी लागते. आणि धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरणं हा आमच्या भागातला असा धंदा आहे की तो कोणीच करत नाही आणि धुरा मात्र दरवर्षी सरकतो.

मला कपाशीवाल्याचा राग आला. तसा तो सोयराच. परत येताना पुतण्यानं मोबाईलवर नकाशा आणि शेत जुळवून बघितलं आणि गप्प झाला. मग म्हणाला, "काका, इथं आपलीच तूर हाय." खरंच होती. पांदनीत दोन तास, म्हणजे तुरीच्या दोन ओळी, आमचे. बाबांनी घातले की आजोबांनी, कोणाला आठवत नाही.

ग्रुपवर मी हे लिहिलेलं नाही. स्कायवॉकवर बोलायला दोन्ही बाजूंना माणसं मिळतात, कारण तो कोणाच्याच शेतातून जात नाही. वाट जाते. इथंसुद्धा या पायवाटा आकाशातून पडल्या नसणार. कुठल्या तरी शेतकऱ्यानं कधीतरी कुरकुरत जागा सोडली असेल. तो हिशेब आम्हाला पाटीवर दिसत नाही एवढंच.

गेल्या रविवारी पळून आल्यावर बाबांना फोन केला. म्हटलं, ते दोन तास सोडून द्या, आपण सोडले तर बाकीच्यांना म्हणता येईल. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही, नुसता खोकला. मग म्हणाले, "पोट्टे पयतीन त्याच्यावरून?"

"पयतीन. पोरीबी पयतीन."

"पाहू मंग. तूर निंघू दे आंधी."