काडीमोड होता की!

"त्या काळी घटस्फोटच नव्हता, म्हणून दुरावलेलं जोडपं शेवटी एकत्र येणारच" हे जुन्या काळातल्या दुरावलेल्या जोडप्याची कादंबरी लिहिण्यावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला हे खरं, पण त्याआधीही अनेक जातींत काडीमोड (रूढीने मिळणारी सोडचिठ्ठी) आणि पाट (बाईचं दुसरं लग्न) रूढ होते. म्हणजे १९३० च्या मार्शल लॉमधल्या सोलापुरात कादंबरी बेतली, तर गिरणी कामगाराच्या बायकोला बहुधा दुसरी वाट होती. वकिलाच्या ब्राह्मण बायकोला फार तर माहेर. शिवाय नवरा तिने नांदायला यावं म्हणून दावा ठोकू शके. नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये कोर्टाने 'नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद' असंच सुनावलं होतं. नायिकेची जात न ठरवता लिहिलं की गोची इथेच होते.

आणि हरवलेलं पत्र सापडून सगळं मिटणं हा निव्वळ आळस. पत्राने गैरसमज जातो, अपमान नाही. दुराव्याला कारणं दोन हवीत, एक बाहेरचं आणि एक नवऱ्याच्या स्वभावातलं. पहिलं कादंबरीच्या मध्यावर उलगडावं. नवऱ्याला माफीही तिथेच मागू दे, तिला ती नाकारू दे. मग त्याला काहीतरी करून दाखवावं लागतं. कर्फ्यूत तिच्या भावाला लपवलं तरी चालेल, भाषण नको.